बाग पाहावी सुधारून

कोकणातल्या तुमच्या वॉर्डातल्या बागेला निधी मंजूर झाला आणि सुशोभीकरण समितीत तुमचं नाव लागलं, याबद्दल अभिनंदन. आता पहिला सल्ला: बागेत जाऊ नका. पावसाळ्यात तर अजिबातच नको. गेलात तर तिथे काय काय आहे ते दिसेल, आणि एकदा दिसलं की उपटताना हात जड होतो.

आराखडा मार्चमध्ये पंख्याखाली बसून करावा. तेव्हा कातळ करपलेला असतो, गवत वाळलेलं असतं, व्हाळ, म्हणजे ओढा, कोरडा असतो, आणि 'पडीक जागा' हे शब्द बिनदिक्कत लिहिता येतात. त्याच पडीक जागेवर पाऊस स्थिरावला की बोटभर मातीत तेरडा, गेंद आणि सीतेची आसवं उगवतात. ही आसवं दिसायला नाजूक, पण मुळाशी बारीक पिशव्या बाळगून किडे खातात. एवढं गुणी झाड फुकट मिळतं, म्हणूनच त्याला अंदाजपत्रकात जागा नाही. बिलं मार्चमध्ये निघतात, फुलं ऑगस्टमध्ये. दोघांची गाठ पडत नाही हे बरंच.

भूमिपूजनाला गाऱ्हाणं घालायला मात्र विसरू नका. जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, आधी सांगून मग त्याचीच जागा घेतली की दोष लागत नाही. 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं भरपूर मिळतील. समितीच्या बैठकीत तीच असतात.

आता जमीन. कोकणातल्या जमिनीची मुख्य अडचण म्हणजे ती पाणी पिते. जांभा दगड सच्छिद्र. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत; तो कातळाच्या भेगांतून मुरतो आणि खालच्या विहिरीला पाणी राहतं. हा सगळा कारभार निविदेशिवाय चालतो. तो थांबवण्यासाठी पेव्हर ब्लॉक आहेत. खाली काँक्रीटचा थर, वर ब्लॉक, दोन रंगांत, नागमोडी नक्षीत. काम चालू असताना शेजारची एखादी आजी गडग्यापलीकडून विचारीलच, "अरे पोरांनू, पावसाचा पाणी खंय जातला?" तिला नमस्कार करावा आणि गटाराकडे बोट दाखवावं. पहिल्या जुलैत पाणी तिच्या खळ्यात गेलं तर ती नैसर्गिक आपत्ती. एप्रिलात विहीर आटली तर ती हवामान बदल. मग बोअर मारावी, तिच्यावर लॉन जगवावी, लॉनला बोअर पुरेना झाली की टँकर लावावा, आणि टँकर उभा राहतो तिथेच 'पाणी जपून वापरा' अशी पाटी रंगवावी.

आजी ज्या गडग्यापलीकडून बोलली, तो गडगाही ठेवू नका. बिनचुन्याने रचलेल्या चिऱ्यांच्या फटींत नेचे उगवतात, सापसुरळ्या राहतात, कधी धामण अंग चोरून बसते. धामण उंदीर खाते हे खरं, पण समितीतल्या कुणाची बायको एकदा किंचाळली की विषय संपतो. गडगा पाडून सरळ आरसीसीची भिंत घाला. आणि तिला कोकणी रूप यावं म्हणून वरून जांभ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल्स चिकटवा. खरे चिरे ठेकेदार घेऊन जाईल. तो त्यांचं काय करतो हे विचारायचं नसतं.

झाडांकडे वळू. इथे कायद्याचं थोडं भान ठेवावं लागतं. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ठरवलं आहे. शिवाय झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. म्हणजे शंभर वर्षांचा वड तोडायचा तर शंभर रोपं आली. घाबरू नका. स्थळाच्या पत्रिकेत मुलीचं वय लिहितात तसं वडाचं वय लिहा. आणि न तोडताही काम भागतंच. बुंध्याला चिकटून गोल पार बांधा, ग्रॅनाइट बसवा, मुळांना हवा-पाणी लागणार नाही असा पक्का. दोन-चार वर्षांत झाड आपल्या मर्जीने वाळेल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं, पण ते दिल्लीला. आपण कुठे दिल्लीत राहतो?

नवीन लावायला पाम उत्तम. माडापोफळीच्या गावात पाम विकत आणायला धाडस लागतं, पण फायदेही आहेत: माडाचा नारळ डोक्यात पडतो, या पामाला डोक्यात पडण्याजोगं काही येतच नाही. सोबत गुलमोहर असावा, कारण तो मादागास्करहून आला आहे आणि पाहुण्याचा मान राखणं आपली रीत आहे. कडेने ऑस्ट्रेलियन अकेशिया. ताम्हण नको. व्हाळाच्या काठी ते आपोआप वाढतं, एप्रिल-मे महिन्यात जांभळ्या फुलांनी भरतं, आणि ते महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. तेव्हा त्याचं चित्र भिंतीवर काढा. शेजारी हरियाल, राज्यपक्षी. शेकरू, राज्यप्राणी. चित्रांना पाणी घालावं लागत नाही.

केवडा, उंडी, भेंड हेही तोडून टाकण्यासारखेच. खाऱ्या वाऱ्यात ही मंडळी पिढ्यानपिढ्या उभी आहेत, पण दिसतात गावंढळ. उंडीच्या बियांचं तेल एके काळी दिव्यात जळायचं, तिची फळं वटवाघळं दूरवर नेऊन टाकतात. यातली कुठलीही गोष्ट माहितीपत्रकात छापण्याजोगी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली आगरंच्या आगरं आडवी केली. तेव्हा वारा अडवायला समुद्राकडच्या बाजूला काहीतरी हवं, असं कुणी म्हणेल. त्यासाठी पत्र्याची कमान आहे. तिच्यावर सगळ्यांचे फोटो लागतात.

पातेरा, म्हणजे गळलेला पाला, रोज झाडून पेटवावा. सकाळी फिरायला येणाऱ्यांना धुराने खोकला लागला की बाग झाडली गेली याची खात्री पटते. पातेऱ्याखाली गांडुळं, गोगलगायी, बेडूक असतात, तो कुजून पुन्हा मातीच होते, हे शाळेत शिकलो आपण सगळे. पण शाळेत शिकलेलं बागेत आणू नये. खताची पोती वेगळी मागवता येतात.

फुलपाखरू उद्यान हा आराखड्यातला सगळ्यात गोड भाग, म्हणून जरा सविस्तर. सिमेंटचे दोन मोठे पंख उभारा, मध्ये माणसाने उभं राहून फोटो काढायचा. खऱ्या फुलपाखरांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून आपलं राज्यफुलपाखरू. तिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खाते, आणि लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी रुईवर वाढते. म्हणजे फुलपाखरं हवी तर खाल्लेली, भोकं पडलेली पानं आली, आणि रुईसारखं कुठेही उगवणारं झाड आलं. सभ्य बागेत हे शोभणार नाही. रुई मारुतीच्या शनिवारपुरती बाहेरून आणा. कुंपणाला ड्युरंटा लावा, दर पंधरवड्याला फवारणी करा, एकही पान कुरतडलेलं राहता कामा नये. वर्षभराने फुलपाखरं का येत नाहीत यावर चर्चासत्र घ्यावं. त्याचं बिल वेगळं.

बागेच्या मागे खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, असेल, तर तुम्ही खरे नशीबवान. तिवर, चिपी या कांदळवनातल्या झाडांनी समुद्र झाकला आहे अशी तक्रार कुणाकडून तरी लिहून घ्या. अडचण अशी की मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडण्यावर कडक निकाल दिला, आणि २०२० मध्ये पांढरी चिपी तर राज्याचा कांदळवृक्ष झाली. म्हणजे कोयता चालवता येत नाही. डंपर मात्र रात्री रस्ता चुकू शकतो. बांधकामाचा राडारोडा श्वासमुळांवर बसला, भरतीचं पाणी आत यायचं थांबलं की पुढचं आपोआप होतं. मग 'सी व्ह्यू गॅलरी' बांधा. त्या गॅलरीत बसून कोळंबी आणि खेकडे किती महाग झालेत यावर बोलायला छान वारा येतो.

दिवे भरपूर हवेत. उंच खांबावरचे हायमास्ट, समुद्राकडे तोंड करून. वेळास, आंजर्ल्याचे लोक ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखत बसतात. वाळूतून निघालेली पिल्लं उजेडाकडे चालतात, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर उजेड समुद्राकडे असतो. तुमच्या बागेपाशी तो कॅरम क्लबकडे असेल. पिल्लांनाही करमणूक हवी. उरलेल्या झाडांना एलईडीच्या माळा गुंडाळा, म्हणजे पावसाच्या तोंडाशी जोडीदाराला खुणावणारे काजवे लाजून दुसऱ्या गावी जातील.

आता धोक्याची सूचना. प्रत्येक आळीत एक निवृत्त मास्तर असतात. त्यांना झाडांची नावं येतात. ते सभेत उठतील आणि म्हणतील: पाऊस असतानाच, फुलायच्या आत रानमोडीचं तण मुळासकट उपटा, घाणेरीची झुडपं हटवा, व्हाळाकाठी ताम्हण आणि सुरंगी लावा, पहिली दोन-तीन वर्षं राखा, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या, भागावर काहीच लावू नका, मियावाकी पद्धतीचं दाट जंगल तर मुळीच नको, तिथलं गवत हेच तिथलं रान, पातेरा राहू द्या, गडगा पडलाय तिथे रचा. ती पद्धत काढणाऱ्या जपानच्या मियावाकी यांनीही त्या-त्या जागेची मूळ झाडं आधी ओळखा असंच सांगितलं होतं, हेही ते ऐकवतील. २००२ च्या कायद्याप्रमाणे आपल्याकडे जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिची नोंदवही कुठे आहे, असंही विचारतील. नोंदवही कपाटात आहे. किल्ली रजेवर आहे.

मास्तरांशी वाद घालू नका, कारण ते बरोबर आहेत. त्यांना फक्त एक विचारा: याला खर्च किती? ते म्हणतील, दोन गडी आणि तीन पावसाळे. झालं! यात ठेकेदार कुठे, टक्केवारी कुठे, आणि उद्घाटन कशाचं करायचं? रानमोडी नसल्याचं? मंत्रिमहोदय येऊन फीत कुठल्या दोन झाडांना बांधणार, आणि छायाचित्रात मोकळं गवत कसं दिसणार? तेव्हा मास्तरांना शाल-श्रीफळ द्या, पहिल्या रांगेत बसवा. सत्कार झालेला माणूस निदान पुढच्या सभेपर्यंत गप्प राहतो.

आणि ब्लॉकचा एक कोपरा मुद्दाम कच्चा ठेवायला ठेकेदाराला सांगा. दुसऱ्या पावसाळ्यात तिथून तेरडा वर येईल. त्याचा फोटो काढा, आणि त्यावर 'नैसर्गिक अधिवास पुनरुज्जीवन, टप्पा दोन' असा नवा प्रस्ताव पाठवा. त्यात पहिलीच बाब लिहायची: जुने पेव्हर ब्लॉक काढणे, वाहतुकीसह.