जेराल्ड जेवत नाही, पिंट्या थांबत नाही

कासव पाळणार म्हटल्यावर जो तो मला हेच सांगायचा, की अगं काही कटकट नसते त्याची, चार पानं टाकली की झालं. हे सगळे मोठ्या कासवाबद्दल बोलत होते.

इथे रेडिंगला आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही हर्मन जातीची, म्हणजे मूळची ग्रीस-इटलीकडची. (आपल्याकडे तारा कासव घरात ठेवलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली थेट गुन्हा, त्यामुळे आई व्हिडिओ कॉलवर अजूनही हळू आवाजात चौकशी करते.) जेराल्ड हा मोठा. किलोभर वजन, आधीच्या घरमालकीणबाईंनी जाताना दिलेला, नावही त्यांचंच. ऊन आलं की बाहेर येणार, डँडेलिअनचं एक पान कोपऱ्यातून कुरतडणार आणि उरलेल्या ढिगावर चढून बसणार. ढग आले की जेवण कॅन्सल. म्हणजे इंग्लंडात बहुतेक दिवस उपासच.

पिंट्या आला तेव्हा १५ ग्रॅमचा होता, पेढ्याएवढा. रोज त्याच्या पाठीएवढा पाल्याचा ढीग द्यायचा असं सांगितलेलं, तो ढीग हा चहा गाळेपर्यंत संपवतो आणि मग टबच्या कडेला दोन पाय टेकवून माझ्याकडे असं बघतो की शेजारी पोलिसात कळवतील. रोज कोमट पाण्यात बसवावं लागतं, तिथे तो शी करतो आणि बाहेर काढला की लगेच भूक. एकदा माझ्या पायाचं लाल नेलपॉलिश बघून अंगठ्यालाच चावला, लाल-पिवळं दिसलं की ह्यांना ते खायचंच वाटतं.

व्हेट म्हणाली नॉर्मल आहे. जेराल्डची वाढ कधीच झालीय, त्यात थंड रक्ताचा प्राणी, अंग गरम ठेवायला त्याला आपल्यासारखं इंधन जाळावं लागत नाही, मग खाणार कशाला? पिल्लाला मात्र अख्खं कवच बांधायचंय, आणि एवढासा जीव दिव्याखाली पटकन तापतो, तापला की पचन जोरात. कॅल्शियमसाठी पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस ठेवलाय, तोही कडेने खाल्लाय. पण मागेल तेवढं द्यायचं नाही, फार भराभर वाढला तर तेही वाईट. त्यामुळे दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन, त्याच काट्यावर मग कणीक.

बरं काकडी-टोमॅटो टाकून भागत नाही, ह्यांना लागतं तण. डँडेलिअन, क्लोव्हर, लांब पानांचं प्लँटेन. चांगली शिकलेली बाई मी, ऑफिसातून येताना पिशवी घेऊन फुटपाथच्या कडेला वाकलेली असते आणि इथले लोक इतके सभ्य की कुणी काही विचारत नाही, फक्त रस्ता ओलांडतात.

हिवाळ्यात तर कहरच. जेराल्ड नोव्हेंबरपासून फ्रिजमध्ये. खरंच, इथे बरेच लोक कासवांना हिवाळ्यातल्या लांब झोपेसाठी तसंच ठेवतात, वेगळा छोटा फ्रिज, ५ डिग्रीच्या आसपास, मध्येमध्ये दार उघडून हवा द्यायची. तीनेक महिने खर्च शून्य. पिंट्याला पहिल्या वर्षी झोपवायचं नाही असं आम्ही ठरवलं, म्हणजे दिवा चालू, हीटिंग चालू, त्याचं तोंड चालू आणि बाहेर एक तण नाही. मग सुपरमार्केटातून रॉकेट नावाच्या पालेभाजीच्या पिशव्या, खिडकीत क्लोव्हरचे ट्रे. आम्ही दोघं मात्र फ्रोझन मटार खातोय, कारण ताजी भाजी महाग!

मार्चमध्ये जेराल्ड उठला, पाणी प्यायला आणि पहिल्या डँडेलिअनकडे पाठ करून बसला. ते अर्थात पिंट्याकडे गेलं. आता शेजारच्या आजोबांनाही कळलंय, ते स्वतःच्या लॉनमधलं तण उपटून कुंपणावरून पिशवी देतात, आणि मी दर वेळी थँक्यूच्या आधी विचारते, औषध नाही ना मारलेलं?