नाळेतील रक्त आणि ‘आयुष्यभराचा विमा’

बाळंतपण जवळ आले की आई-वडिलांच्या फोनवर एक मजकूर हमखास येऊन पोहोचतो. जन्माच्या वेळी नाळेतील रक्त गोठवून ठेवा, तो ‘आयुष्यभराचा विमा’ आहे, त्यातील मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात त्या) ७५ वर्षे टिकतात, ८० आजारांवर चालतात, आजी-आजोबांसह साऱ्या कुटुंबाला उपयोगी पडतात, आणि नाही ठेवल्या तर कचऱ्यातच जातात, असे त्यात सांगितलेले असते. यातील प्रत्येक विधान वेगळे तपासावे लागते, कारण सगळेच खोटे आहे असे नाही.

पेशी गोठवून जिवंत ठेवता येतात, हे निर्विवाद आहे. रक्तात सुमारे १० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड हे गोठताना पेशींचे रक्षण करणारे रसायन मिसळून पिशवीचे तापमान मिनिटाला साधारण १ अंश इतक्या संथपणे उतरवत नेले, की बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो, आतले पाणी झिरपून बाहेर पडते आणि पेशीला फाडणारे स्फटिक आत तयार होण्यापुरते पाणीच उरत नाही. मग पिशवी द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवली जाते. वितळवताना मात्र उलट घाई करावी लागते. ३७ अंशांच्या पाण्यात ती झटपट वितळवून रुग्णाला चढवतात. (त्यानंतर रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, तो याच रसायनाचा.) २७ वर्षे गोठवलेल्या पेशी कार्यक्षम राहिल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण ७५ हा आकडा अनुभवाचा असूच शकत नाही, कारण अशा रक्ताचे पहिले प्रत्यारोपणच मुळी १९८८ साली पॅरिसमध्ये झाले.

ते प्रत्यारोपण कोणाचे कोणाला झाले, हे त्या मजकुरात कधीच नसते. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्तनिर्मिती बिघडवणारा आनुवंशिक आजार झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या पेशी दिल्या होत्या, त्याच्या स्वतःच्या नव्हेत. ‘८० आजारां’च्या यादीची खरी गोम इथेच आहे. थॅलेसेमिया किंवा गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हे आजार जनुकातच असल्यामुळे बाळाच्या गोठवलेल्या पेशींतही तोच दोष असतो. रक्ताच्या कर्करोगात तर काही मुलांच्या बाबतीत आजाराची पहिली बीजे जन्मतःच रक्तात सापडली आहेत. शिवाय परक्या पेशी कर्करोगाच्या उरलेल्या पेशींवर जो हल्ला करतात, तो स्वतःच्या पेशी करत नाहीत. स्वमग्नता (ऑटिझम) आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) हेही काही जाहिराती या यादीत घुसडतात, पण त्यांवर हा सिद्ध झालेला उपचार नाही.

‘साऱ्या कुटुंबाला उपयोगी’ हे विधान साध्या गुणाकारापुढे टिकत नाही. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी केंद्रकयुक्त (मध्ये केंद्रक असलेल्या, म्हणजे तांबड्या पेशी सोडून इतर) पेशी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. एका नाळेतून निघणारे रक्त साधारण १०० मिलिलिटरच्या घरात असते, आणि कित्येक पिशव्यांत एवढ्या पेशी भरतच नाहीत. शिवाय देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पेशींचा प्रकार जुळावा लागतो, आणि सख्ख्या भावंडांतसुद्धा पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. आजी-आजोबांचे नाव कशाच्या आधारावर घेतात, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

राहता राहिला कचऱ्याचा मुद्दा. नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्या वेळात ते रक्त बाळाच्याच अंगात जाते आणि पुढच्या महिन्यांसाठी लोहाचा साठा करून देते. आपल्याकडे लहान मुलांमध्ये रक्तक्षय किती सर्रास आढळतो, ते पाहता हा लाभ किरकोळ नाही. पिशवी जास्त भरावी म्हणून नाळ लवकर कापली, तर बाळाचेच रक्त काढून घेऊन त्याला ‘विमा’ म्हटल्यासारखे होते.

घरात आधीच थॅलेसेमियासारखा, प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार असलेले मूल असेल, तर पुढच्या बाळाच्या नाळेतील रक्त जपून ठेवणे योग्यच आहे. मात्र तो निर्णय रक्तविकारतज्ज्ञाशी बोलून घ्यावा. असे कारण नसताना केवळ बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी ते साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही, अशीच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचीही भूमिका आहे. तरीही कोणाला पैसे भरायचेच असतील, तर त्यांनी सही करण्यापूर्वी साठवलेल्या पिशवीतील पेशींची नेमकी संख्या लेखी मिळेल का आणि ती अपुरी निघाली तर शुल्क परत मिळेल का, हे दोन प्रश्न विचारावेत.