प्रेरणेच्या कार्यशाळेआधी ड्युटी लिस्ट पाहा

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना प्रेरित कसे ठेवावे, या विषयावर हल्ली वरचेवर कार्यशाळा होतात. नवी मुंबईतील खासगी रुग्णालयांच्या प्रशासनात अनेक वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, सिस्टर, तंत्रज्ञ किंवा वॉर्डातल्या मावशी यांना कामाची ओढ बाहेरून लावावी लागत नाही. पहाटे तीन वाजता धाप लागलेल्या रुग्णाला उठवून बसवताना त्या कामाचे मोल त्यांना कुणी समजावून सांगायचे नसते. ती ओढ झिजते कशाने, हे पाहणे नेतृत्वाचे काम आहे, आणि झिजवणाऱ्या बहुतेक गोष्टी व्यवस्थापनात बसलेल्या आपणच ठरवलेल्या असतात.

सर्वांत आधी ड्युटी लिस्ट. आमच्याकडच्या कितीतरी सिस्टर दिवा, डोंबिवली, बदलापूरहून येतात आणि ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बरने ऐरोली, कोपरखैरणे, वाशी गाठतात. दुपारपाळीचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवणे, लांबले की त्यांना घरी पोहोचायला मध्यरात्र होते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळपाळी लावलेली असते. लिस्ट आदल्या संध्याकाळी लागत असेल आणि ठरलेला ऑफ एका फोनवर रद्द होत असेल, तर मुलांची परीक्षा किंवा सासऱ्यांचे डायलिसिस त्यांनी कशाच्या भरवशावर सांभाळायचे?

वेतनाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की, २०० पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांचे वेतन राज्य सरकारच्या परिचारिकांच्या बरोबरीचे असावे आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तिथेही ते महिना २०,००० रुपयांहून कमी नसावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले होते की, वेतन आणि कामाची परिस्थिती सुधारली तर असमाधान दूर होते, पण कामातला खरा आनंद जबाबदारीतून आणि कौतुकातून येतो. हे मला पटते, मात्र पहिली अट अपुरी ठेवून केवळ दुसरीवर व्याख्याने देणे अन्यायाचे आहे.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती भीतीची. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गटांत चुकांच्या नोंदी कमी सापडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या अधिक सापडल्या. त्या गटांत चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर तिथली माणसे चुकीबद्दल मोकळेपणाने बोलत होती. मी पाहिलेल्या एका वॉर्डात याच्या नेमके उलट घडले. थेट शिरेत गेल्यास जीवघेणे ठरू शकणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडचे आणि साध्या सलाइनचे अँप्युल दिसायला सारखे असल्याने एका सिस्टरच्या हातात चुकीचे आले, तिने ते वेळेत ओळखले आणि प्रामाणिकपणे इन्सिडंट फॉर्म, म्हणजे चुकीची नोंद करण्याचा फॉर्म, भरला. तिला मेमो मिळाला. त्यानंतर कित्येक महिने त्या वॉर्डातून एकही फॉर्म आला नाही, आणि बैठकीत त्या कोऱ्या फाइलचे कौतुक झाले. कौतुक करणारे लोक वाईट नव्हते, परंतु त्या दिवशी वॉर्डातल्या प्रत्येकाने गप्प राहणे शिकून घेतले आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे तिथे आलेल्या इन्चार्ज सिस्टरनी कोणतीही योजना जाहीर केली नाही. हँडओव्हरच्या वेळी त्या सिस्टर, ब्रदर आणि कंत्राटी मावशींनाही उभे करून विचारू लागल्या, ‘आज कुठे चुकता चुकता राहिलं?’ आणि आलेले उत्तर नाव न घालता वहीत लिहू लागल्या. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एका मावशींनी ओल्या फरशीवरून एक आजोबा पडता पडता वाचल्याचे सांगितले, तेव्हा बाईंनी त्याच दुपारी पुसण्याची वेळ बदलून घेतली. सांगितल्यावर काहीतरी होते, हे दिसल्यानंतर इतरही बोलू लागले, आणि पोटॅशियमचे अँप्युल वॉर्डाच्या ट्रेमधून काढून वेगळ्या कपाटात कुलूपबंद झाले ते त्या वहीतल्या नोंदींमुळेच.