ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

घरातली केबल काढून या पाडव्याला दोन वर्षं झाली. निर्णय माझा. कारणं सगळ्यांची असतात तीच: पैसे भरायचे दोनशे चॅनेलचे आणि बघायचे पाच. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे केबलवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाचे, नवे दर आले तेव्हा मी वही-पेन घेऊन बसलो होतो. नुसत्या जोडणीचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे. मग पैशाच्या चॅनेलचे वेगळे. ‘हवं तेवढंच घ्या’ म्हणे. घेतलं हवं तेवढंच, बिल आधीपेक्षा वाढलं! पुढे २०२३ ला जिओसिनेमाने अख्खी आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली, तेव्हा माझं मन केबलवरून उडालंच.

स्वस्त पडलं का? नाही. एकेक ॲप करत केबलच्या दुपटीवर गेलोय. ‘वायफायचे पैसे तसेही जातच होते’ असं मी बायकोला सांगतो. ती ऐकून घेते.

पण पैशांचं जाऊ दे. मला जे उशिरा कळलं ते वेगळंच आहे. केबल होती तोवर आमच्या घरात टीव्ही आईचा होता.

महिन्याच्या पाच-सहा तारखेला केबलवाला पोरगा दारात यायचा. “काकू, केबल.” आई डाळीच्या डब्यामागचं पाकीट काढायची, तो पिवळ्या कार्डावर त्या महिन्याच्या चौकोनात सही करायचा. चॅनेल दिसत नसलं तर आधी ते लावून दाखव, मग पैसे. एकदा पावसाळ्यात चार दिवस चित्राला मुंग्या येत होत्या, तर आईने मोजून चार दिवसांचे पैसे कापले आणि त्यानेही निमूट घेतले. तो पोरगा उद्धट नव्हता, पण असता तरी आईपुढे टिकला नसता.

रिमोटला प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड. पिशवीतून दाबून दाबून १ आणि ४ पुसले गेले होते. २०१३ ला नाशकात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि सगळे नंबर बदलले, तर आठवड्याभरात तिने नवे पाठ केले. दुपारचं कीर्तन, साडेसातची मालिका, रात्रीच्या बातम्या, सगळं बोटांना ठाऊक. म्हणून ‘म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजी जमत नाही’ असं कोणी म्हटलं की मला आता राग येतो. त्यांना जमलं होतं. आपण त्यांच्या हातातलं काढून घेतलं.

नव्या रिमोटला आकडेच नाहीत. टीव्ही लावला की पडदा विचारतो, कोण बघतंय? खाली चार गोल: मी, बायको, मुलगी आणि लहान मुलांचा एक. आईचा गोल करायचा मी विसरलो होतो. सहा महिने! ती बिचारी लहान मुलांच्या गोलातून आत जायची, कारण त्यावर हसरं चित्र होतं, आणि मग कार्टूनमध्ये अडकून मुलगी शाळेतून यायची वाट बघायची.

सोयी आहेतच, नाही कशाला म्हणू. मालिका थांबवून कुकर बंद करून येता येतं. एका ॲपवर पैसे भरले की उद्याचा भाग आजच दिसतो. आईला ते पटत नाही. “नैवेद्य दाखवायच्या आधी खाल्ल्यासारखं वाटतं,” म्हणाली. आणि मावशीशी दुपारी फोनवर बोलायचं काय, दोघी वेगवेगळ्या भागावर असतील तर?

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ॲपने आपोआप लॉगआउट केलं. ओटीपी माझ्या फोनवर, मी कसारा घाटात, रेंज नाही. घरी पोचलो तर टीव्ही बंद आणि आई वाती वळत बसलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “राहू दे रे, मला काही एवढं बघायचं नव्हतं.”

पिवळ्या कार्डाच्या काळात हे वाक्य तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं.

तक्रार करायला गेलो तर चॅटवर एक यंत्र नमस्कार करून तेच तेच विचारत राहिलं. त्याच्याकडून चार दिवसांचे पैसे कोण कापणार?

(कमेंटमध्ये कोणीतरी डीडी फ्री डिश सुचवणार. महिन्याचं भाडं नाही, मान्य. पण आमच्या सोसायटीत गच्चीवर छत्री लावायची म्हणजे आधी मीटिंग लावावी लागेल.)

मग मी एकच केलं. तिच्या मालिकांच्या आणि क्रिकेटच्या ॲपवर माझा नंबर काढून आईचा टाकला. पैसे तिच्या पेन्शनच्या खात्यातून जातात, हा तिचाच आग्रह. तिचा गोलही झाला, चित्र तिने स्वतः निवडलं. वाघ.

परवा कामासाठी पुण्याला होतो. लॉजवर रात्री मॅच लावायला गेलो तर पुन्हा लॉगिन मागितलं. आईला फोन केला.

“आई, ओटीपी आला असेल बघ. सांग जरा.”

“कशाला हवाय?”

“मॅच बघायचीये.”

“जेवलास का?”

“हो गं. लवकर सांग, मुदत असते त्याला.”

“थांब, चष्मा शोधते. आणि हे एवढं भांडण संपू दे, मग बघते.”

मालिकेतलं भांडण संपलं तोवर ओटीपीची मुदत संपली होती.