तापमान वाढलं म्हणजे पाणी वाढेल, हा हिशेब चुकीचा आहे

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा: ‘पृथ्वी तापली की वाफ जास्त, वाफ जास्त म्हणजे पाऊस जास्त. हिमनद्या वितळून नद्यांनाही पाणी येईल. दुष्काळ पूर्वीही पडायचेच. चार धरणं वाढवली की प्रश्न मिटला.’ वाचताना पटतं, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. या भरवशावर पाण्याचं नियोजन झालं, तर त्याची झळ खऱ्या माणसांना बसेल.

आधी पावसाचं. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे खरंच आहे. पण जगाचा सरासरी पाऊस मात्र अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो. गोम इथेच आहे. हवा जास्त बाष्प धरून ठेवते, कोसळते तेव्हा एकदम कोसळते, आणि मधली उघडीप लांबते. वाळून कडक झालेल्या कुंडीत तांब्याभर पाणी एकदम ओतून पाहा. माती कडेने सुटलेली असते. पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं. मध्ये बोट खुपसलं तर माती कोरडीच! तेच पाणी थांबत थांबत घातलं की मुरतं. जमिनीचंही बऱ्याच ठिकाणी असंच होतं. (सगळीकडे नाही. काही रखरखीत प्रदेशांत भूजल भरतं तेच मुळी मोठ्या पावसाने.)

शिवाय तापलेली हवा फक्त समुद्रातूनच पाणी उचलते असं थोडंच आहे? ती माती, तलाव, झाडंझुडपं यांच्यातूनही ओढून घेते. अमेरिकेतली कोलोरॅडो नदी पाहा. या शतकात तिचा प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा जवळपास एक पंचमांशाने घटला आहे, आणि या घटीतला मोठा वाटा उष्णतेचा आहे, असं संशोधन सांगतं. या नदीला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांवरचं बर्फ ऊन परतवतं. ते लवकर गेलं की उघडी जमीन तापते आणि नदीला मिळण्याआधीच बरंच पाणी हवेत उडून जातं. याच नदीवरचा लेक मीड जलाशय १९३०च्या दशकात भरला. जुलै २०२२मध्ये त्याची पातळी तेव्हापासूनच्या नीचांकाला पोचली होती.

हिमनद्यांचं पाणी वाढतं, पण काही काळच. ती साठवणीतली उचल आहे. बर्फाचा साठा आटत गेला की प्रवाह शिखर गाठून उतरू लागतो, आणि तो उतरतो नेमका कोरड्या महिन्यांत. पेरूमधल्या सांता नदीच्या बहुतेक उपनद्यांनी हे शिखर केव्हाच ओलांडलं आहे. बोलिव्हियातली चाकाल्टाया हिमनदी तर २००९पर्यंत पूर्ण नाहीशी झाली.

‘दुष्काळ पूर्वीही पडायचे.’ पडायचेच, आणि प्रत्येक टंचाईचं खापर हवामानावर फोडणंही चूक. मध्य आशियातला अरल समुद्र आटला तो मुख्यतः सिंचनासाठी नद्या वळवल्याने. प्रश्न आहे तो वारंवारतेचा. केप टाउनला २०१५ ते २०१७ या काळात जे अवर्षण सोसावं लागलं, तशा अवर्षणाची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे तिपटीने वाढली, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

राहिली धरणं. ती हवीत, पण ती बांधली जातात जुन्या पावसाच्या नोंदींवर. डोंगरावरचं बर्फ हा स्वतःच एक साठा असतो, हिवाळ्यात भरणारा आणि उन्हाळ्यात हळूहळू सुटणारा. आता तिथे बर्फाऐवजी पाऊस पडू लागला, की सगळं पाणी हिवाळ्यातच धरणाशी येऊन थडकतं. तेव्हा पूर सामावण्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणजे आलेलं पाणी सोडून द्यायचं. मग उन्हाळ्यात वरून यायला काही उरलेलं नसतं. पूर अडवायचा की उन्हाळ्यासाठी साठवायचं, हा पेच तिथल्या प्रत्येक नव्या धरणापुढेही असणारच.