२९ पेक्षा २८ मोठं असतं, हे दुकानदाराला कोण सांगणार?

इंदुरात सायकलच्या दुकानात २९ इंची एमटीबीचं (माउंटन बाइकचं) टायर मागा. निम्म्या ठिकाणी उत्तर ठरलेलं: ‘भिया, २९ तो नहीं है, २८ ले जाओ, एक इंच से क्या होता है!’ काय होतं? ऐका. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं २८ × १½ टायर ६३५ मिमी व्यासाच्या रिमचं. एमटीबीच्या २९ चं रिम ६२२ मिमीचं. म्हणजे २८ हे २९ पेक्षा १३ मिमीनं मोठं! ते टायर हातानंच सरकत बसतं, म्हणून दुकानदार खूश. हवा भरली की कड रिमवरून उडते आणि ट्यूब फटाक्यासारखी फुटते.

ट्यूबचंही तेच. २८ × १½ ची ट्यूब ३८ मिमी रुंद टायरसाठी असते. ती एमटीबीच्या ५७ मिमी रुंद टायरात फुगवली की ताणून पातळ होते, मग बाभळीचा साधा काटाही पुरतो.

आणि २६? त्याची तर वेगळीच तऱ्हा. २६ × १.९५ म्हणजे ५५९ मिमी, २६ × १⅜ म्हणजे ५९०. दोन्हींवर ठळक ‘२६’, आणि फरक ३१ मिमीचा! दशांशातलं माप आणि अपूर्णांकातलं माप या दोन वेगळ्या जाती आहेत, हे इतकी वर्षं टायर विकून कळू नये? इंचाचा आकडा मुळात रिमचा नाहीच, तो हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही अंदाजे. खरा आकडा टायरच्या बाजूवर बारीक उठावदार अक्षरांत असतो: ५७-६२२. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. ओल्या फडक्यानं धूळ पुसा, दिसेल. एमटीबीत २६ चं ५५९, २७.५ चं ५८४, २९ चं ६२२. तीन आकडे पाठ करायचेत हो, पाढे नाहीत!

शोरूमवाले आणखी पुढचे. ‘२७.५ म्हणजे बरोब्बर मधलं.’ कसलं मधलं? २६ पासून २५ मिमी दूर, २९ पासून ३८. ते २६ चं थोरलं भावंड आहे, इतकंच. आणि पाच फुटी मुलीला लहान फ्रेमची २९ गळ्यात मारायची, ‘नया मॉडल है’ म्हणून. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं की तिनं काय करायचं? २६ वरून २९ वर गेल्यावर गिअरच्या चकत्यांचे दात तेवढेच ठेवले तर गिअर साधारण ११ टक्क्यांनी जड होतो, हे कुणी सांगत नाही. पेडलजवळच्या चकतीला ३२ दात असतील तर तेवढंच हलकं वाटायला २९ दातांची चकती लागते.

सगळ्यात संताप येतो तो ‘२७.५ की फ्रेम में २९ फिट कर देंगे’ ऐकून. चाकाची त्रिज्या १९ मिमीनं वाढते. व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे, गुटके रिमपर्यंत पोचत नाहीत, मग मिस्त्री कानशीनं खाच वाढवतो. ब्रेकची खाच, कानशीनं! डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक लागेल, पण टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) यांच्यात बोटभर जागा उरत नाही. कोरड्या दिवसांत चालूनही जाईल. जुलैत इंदुराजवळच्या रालामंडल अभयारण्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर न्या. ती माळव्याची काळी माती आहे, चिकटली की सोडत नाही. चाक जाम, आणि सायकल खांद्यावर.

हवेचं तर बोलायलाच नको. २९ × २.२५ च्या ट्यूबवाल्या टायरला ६५-७० किलोच्या माणसासाठी कच्च्या रस्त्यावर ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास पुरतात. कॉम्प्रेसरवाला ६० ठोकतो. टायर दगडासारखं, खडीवर पकड शून्य. गेज लावा म्हटलं तर अंगठ्यानं टायर दाबून म्हणतो, ‘टाइट है, भिया.’