साडेचार हजारांचा एसएमपीएस, चौदा अँपिअर आणि माझी चुकलेली बेरीज

दादा, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली. उत्तर टाइप करायला बसले, चार ओळी पण झाल्या नाहीत तर लाइट गेली आणि यूपीएस टीं टीं ओरडायला लागला. म्हटलं जाऊ दे, सकाळी पोहे खाऊन शांतपणे लिहू. तर आता लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी ती कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बारावीतल्या भाच्यासाठी आम्ही दोघांनी घरीच कॉम्प्युटर जोडला, आयुष्यातला पहिलाच, आणि कुठला पार्ट का घेतला ते मी लिहिलं होतं. त्यावर इंदूरमधल्याच सुदामा नगरच्या या दादांचं म्हणणं असं की एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, साडेचार हजार म्हणजे पैसे पाण्यात, कॅबिनेटसोबत जो ४५० वॉटचा फुकट येतो तो त्यांच्याकडे चार वर्षं बिनतक्रार चालतोय. ग्राफिक कार्डच टाकायचं नव्हतं तर घरी जोडायचा खटाटोप कशाला, ते पैसे आणि वर थोडे घालून सेकंडहँड आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आलं असतं. एएम४ (मदरबोर्डवर एएमडीचा प्रोसेसर बसतो ती जागा, म्हणजे सॉकेट) हा मेलेला सॉकेट आहे, तो नवशिक्यांच्या गळ्यात मारू नका. आणि माझा ३४ हजारांचा हिशोब काही केल्या जुळत नाही. जाता जाता एक टोमणा पण, 'सिल्व्हर मॉलमधल्या कुठल्या दुकानाशी सेटिंग आहे का ताई?'

सेटिंगचं आधी उरकते. आरएनटी मार्गावर त्या मॉलमध्ये मी गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा तुमच्याच बाजूचा होता हो. 'दीदी, कॅबिनेट के साथ फ्री है, अलग से क्यों ले रहे हो?' असं तीनदा म्हणाला. मी नाहीच म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं छप्पन दुकानवर कुणी बिनशेवेचे पोहे मागितले. पक्कं बिल घेतलं, १८ टक्के जीएसटी भरला, चहासुद्धा मिळाला नाही. ही माझी सेटिंग.

आता तो फुकटचा ४५० वॉट. माझ्या जुन्या कॅबिनेटमधला तसाच एक माळ्यावर पडला होता, आज सकाळी खाली काढला, ओल्या फडक्यानं स्टिकर पुसला आणि वाचला. वरती ठसठशीत '४५० वॉट'. खाली बारीक अक्षरात टेबल असतं, त्यात प्रत्येक लाइनचे अँपिअर दिलेले असतात, आणि +१२ व्होल्टच्या खाली लिहिलंय १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा किती झाले? १६८ वॉट. बाकीचे ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर दाखवून वरचा मोठा आकडा फुगवलाय. पेंटियम ४ च्या आधीच्या काळात प्रोसेसर ५ व्होल्टच्या लाइनवरूनच वीज घ्यायचा, तेव्हा त्या आकड्याला काही अर्थ होता. आता प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात, ५ व्होल्टला काम उरलंय यूएसबी, एसएसडी असल्या किरकोळ गोष्टींचं. म्हणजे स्टिकरवरचे ४५० हे लग्नाच्या पत्रिकेवरच्या वेळेसारखे, लिहायला असतात.

मग तुमचा चार वर्षं कसा चालतोय? चालणारच. तुम्हीच लिहिलंय की तुमच्याकडे आय३ प्रोसेसर आहे आणि कार्ड नाही. असा कॉम्प्युटर काम करताना साठ-सत्तर, अगदी ताणला तर शंभरच्या आसपास वॉट खातो. त्या बिचाऱ्यावर ओझंच नाही! पण दादा, पुढच्याच वाक्यात तुम्ही म्हणताय की ३०६० टाका. ते कार्ड एकटं १७० वॉटचं आहे. कार्डाला १७० आणि माझ्या माळ्यावरच्या एसएमपीएसकडे बारा व्होल्टवर आहेत १६८, प्रोसेसरला प्यायला पाणी पण उरत नाही. म्हणजे तुमचा पहिला मुद्दा बरोबर धरला तर दुसरा पाळता येत नाही आणि दुसरा पाळायचा तर पहिला सोडावा लागतो, हे दोन सल्ले एका कॅबिनेटमध्ये बसतच नाहीत. मला एवढंच सांगायचंय या अख्ख्या उत्तरात, बाकी सगळं त्याच्याच भोवती आहे. पहिल्या कॉम्प्युटरला आज कमी टाकलं तरी चालतं, पण उद्या जे टाकायचंय त्याची वीज आजच विकत घ्यायची.

आणि हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते हे इथल्या बऱ्याच जणांना माहीतच आहे. २०१९ चा मे महिना, सीझन ऐन भरात, पारा बेचाळीसला, एका अल्बमच्या अडतीस शीट झालेल्या आणि दोन बाकी. दुपारी व्होल्टेज खालीवर झालं, पंखा एकदम जोरात फिरला आणि टेबलाखालून फट्ट! मग तो वास, जळक्या वायरीचा, ज्याला आला असेल तो विसरत नाही. एसएमपीएस कुठल्या कंपनीचा होता ते लिहीत नाही, तसाच फुकटवाला होता म्हणा. पण तो एकटा गेला नाही, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. पार्टीला फोन करून आवाज होता तेवढा गोड करून आठ दिवस मागितले, फोटोग्राफरकडून परत फोटो घेतले, परत छाटले, परत अडतीस शीट. नवऱ्याची आई म्हणाली, दृष्ट लागली. मी म्हटलं, स्वस्ताई लागली.

त्याच वेळी अजून एक गोष्ट कळली जी मूळ लेखात लिहायची राहिली आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी लिहायला हवी होती. अर्थिंग. आमचं राजेंद्र नगरचं घर जुनं. थ्री पिन बोर्ड होता पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती, नुसती शोभा. उन्हाळ्यात अनवाणी बसून कॅबिनेटच्या मागे हात लावला की बोटाला मुंग्या यायच्या आणि आम्ही वर्षानुवर्षं 'थोडा करंट येतो त्याला' असं म्हणून सोडून द्यायचो, जसं काही कॉम्प्युटरचा स्वभावच तो. होतं असं की एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडीशी गळती कॅबिनेटच्या पत्र्याकडे पाठवतात आणि ती तिथून अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सुमारे अर्धं मेन व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी बारीक, म्हणून मुंग्याच येतात, पण साडेचार हजारांचा एसएमपीएस असला तरी हेच होणार. वायरमननं होल्डरला बल्ब लावून फेज आणि अर्थमध्ये धरला, पेटला नाही, म्हणाला 'भाभीजी, इसमें तो कुछ है ही नहीं'. आता वायर ओढून घेतलीय. तुमच्याकडे मुंग्या येतात का ते एकदा बघा, टोमणा नाही हा, खरंच बघा.

एका ठिकाणी मात्र तुम्ही नाही पण मीच मला पकडलं. मी लिहिलं होतं 'ब्रॉन्झ बघून घ्या, बाकी बघू नका'. हे अर्धवट आहे. ८० प्लसचा शिक्का (ब्रॉन्झ ही त्याचीच एक पायरी) म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला लागते आणि किती उष्णता होऊन जाते, तेवढंच. आतला माल किती टिकेल, व्होल्टेज उसळलं तर तो वेळेवर बंद पडेल की नाही, हे त्या शिक्क्यात नसतं. म्हणून स्टिकरवरचे १२ व्होल्टचे अँपिअर बघा, वॉरंटी किती वर्षांची ते बघा (आमच्याला पाच आहे), ब्रॉन्झ त्याच्यानंतर. लेखात दुरुस्त केलंय.

आता ग्राफिक कार्ड. भाच्याला काय करायचंय तर पायथन शिकायचंय, अभ्यासाचे व्हिडिओ आणि रात्री मित्रांबरोबर एखादा हलका गेम. आम्ही घेतलेल्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरमध्ये ग्राफिक आतच आहे, त्याला आज तेवढं बास. पण तो 'जी' महत्त्वाचा! नुसता ५६०० घेतला तर आत ग्राफिक नसतं, इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असेल तरी नसतं. आमच्याच गल्लीत एकानं दीड हजार वाचतात म्हणून एफवाला आणला आणि दोन दिवस मॉनिटर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडला. पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पडदा काळा. कसा दिसणार, चित्र काढणारा कुणी आत नाहीच.

आणि आतलं ग्राफिक वापरायचं असेल तर रॅम जपून लावायची, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. आम्ही इथेच माती खाल्ली. डायनिंग टेबलवर मदरबोर्ड ठेवलेला, भाच्यानं आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी पहिल्या-दुसऱ्या खाचेत बसवल्या, छान टक टक आवाज आला, दोघंही खूश. चालू झाला पण गेम असा चालला की बैलगाडी बरी. मग मॅन्युअल उघडलं (जे आधी उघडायला हवं होतं), त्यात चित्रच होतं की दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच. शेजारी लावल्या की दोन्ही एकाच रस्त्यावरून जातात, एक सोडून लावल्या की दोन रस्ते मिळतात. शिवाय ३२०० च्या वेगाची रॅम बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) २४०० वर चालत होती, तिथे एक्सएमपी नावाचा पर्याय आपण चालू करेपर्यंत ती तशीच आळसावून बसते. हे दोन बदल केले आणि एक पैसा खर्च न करता तोच गेम खेळण्यासारखा झाला. भाचा म्हणे, 'मावशी, हे आधी सांगायचं ना.' मला तरी कुठे माहीत होतं रे.

रेडीमेड का नाही, तर त्याच कारणानं. ब्रँडेड छोट्या डब्यांमध्ये बरेचदा एसएमपीएस त्यांच्याच मापाचा, बोर्डाचा कनेक्टर पण त्यांचाच वेगळा. उद्या कार्ड टाकायचं म्हटलं की बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. नुसतं टायपिंग आणि टॅली करायचं असेल तर खुशाल रेडीमेड घ्या, मी भांडणार नाही.

एएम४ बद्दल निम्मं तुमचं खरं. तो सॉकेट २०१६ चा, त्याच्या पुढचा एएम५ आला २०२२ मध्ये, आणि आज सगळंच नवीन घ्यायचं असेल, खिसा बरा असेल, तर एएम५ घ्या, पुढे प्रोसेसर बदलायला तिथे जागा आहे. पण 'मेलेला' नका म्हणू, २०२४ मध्ये सुद्धा एएम४ साठी नवे प्रोसेसर आलेत. आणि ५६००जी मध्ये अजून एक कमी आहे जी तुम्ही म्हणाला नाहीत पण मीच सांगते, त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) नुसत्या ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय (कार्ड जोडायचा रस्ता) तिसऱ्या पिढीचं. म्हणजे पुढे भारी कार्ड टाकलं तर ते थोडं हात बांधून चालेल. आम्हाला हे माहीत असून घेतला, कारण डीडीआर४, म्हणजे एएम४ ला चालणारी आधीच्या पिढीची रॅम.

आणि इथे तुमचा चौथा मुद्दा येतो, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त कबुली आहे. हिशोब जुळत नाही कारण त्यात रॅम धरलीच नव्हती. माझ्या कामाच्या मशीनमध्ये मी मोठी रॅम टाकली तेव्हा आठ-आठच्या दोन पट्ट्या निघाल्या होत्या, त्याच भाच्याला दिल्या. एएम५ ला डीडीआर५ लागते, खाचच वेगळी असते, माझ्या पट्ट्या त्यात शिरल्याच नसत्या. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमची अशी काही ओढ लावली की भाव ऐकून मी दुकानातून हात हलवत परत आले, तेव्हा घरातल्या पट्ट्या म्हणजे जुन्या साडीतली जर निघाली. पण हे मी लेखात लिहिलं नाही, कुणी तो आकडा घेऊन बाजारात गेला असेल तर तोंडघशी पडला असेल. चूक माझी. आता ३४ हजारांच्या खाली ठळक लिहिलंय, 'रॅम आणि मॉनिटर सोडून'.

तुम्ही कमेंटच्या शेवटी लिहिलंय की या महिन्यात ते सेकंडहँड ३०६० तुम्ही स्वतः घेणार आहात, त्याच फुकटच्या एसएमपीएसवर. माझ्या माळ्यावरचा १४ अँपिअरचा निघाला, तुमचा कदाचित जास्तीचा असेल, मला काय माहीत. म्हणून पैसे देण्याआधी एक करा. बटण बंद करून पिन काढा, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढा आणि इथे टाका. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर बारा व्होल्टखालचा आकडा नेमका चमकतो.